रेघांमधली वाट

पाचचा भोंगा वाजून गेला की आमच्या कॉलनीवर एक करडी, थकलेली शांतता उतरायची. नीलगिरीच्या पानांतून गाळून आलेलं कलतं ऊन ब्लॉकच्या जिन्यात शिरायचं आणि त्या उन्हात पहिल्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्यांवर चुन्याची पांढरी पावलं उमटलेली दिसायची. शाळेतून वह्यांचा गठ्ठा सावरत मी जिना चढत असे तेव्हा ती पावलं माझ्या आधी वर गेलेली असत. पहिल्या मजल्यावरच्या दारापाशी ती थांबत. तिथे पायपुसण्यावर काळ्या बुटांचा एक जोड काढून ठेवलेला असे, तळवे चुन्याने माखलेले. दारावर पाटी होती : दा. य. साळवे.

दानियल साळवे हे उंच, शेलाटे, किंचित पुढे झुकलेले गृहस्थ होते. तीस-बत्तीस वर्षं जमिनीकडे पाहत काम केलेल्या माणसाची मान पुन्हा पूर्ण सरळ होत नसावी. बोलणं मोजकं, आवाज खालच्या पट्टीतला, आणि एकदा तोंडातून निघालेला शब्द मागे घ्यायची सवय अजिबात नाही. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती घरातून ते तरुणपणी भोपाळला आले, कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. हिंदी मुलखात इतकी वर्षं काढूनही घरात मात्र स्वच्छ मराठी. त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळ जरा लवकरच उतरत असे, असं मला नेहमी वाटायचं. कदाचित मी स्वतःच दमलेली असायचे म्हणून मला सगळेच दमलेले दिसत असतील.

कारखान्यात ते मार्कर होते. मोठमोठ्या पोलादी पत्र्यांवर नकाशाबरहुकूम रेघा आखून द्यायच्या. मग कापणाऱ्याने त्या रेघेवरून कापायचं, जोडणाऱ्याने त्या रेघेवर जोडायचं. खडू, सुतळी आणि खुणेचा पंच एवढीच त्यांची आयुधं. त्यांची एक खोड साऱ्या कारखान्याला ठाऊक होती. रेघ आखून झाली की साळवे पत्र्यावर चढत आणि तिच्यावरून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. रेघ चुकली असेल तर पायाला कळते, असं ते म्हणत. माझे यजमान कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. ते सांगत, साळव्यांची रेघ म्हटल्यावर पुन्हा मोजायला कुणी पट्टी काढत नाही.

अशा माणसाला मुलगा मिळाला तो अविनाश. कारखान्याची अ‍ॅप्रेंटिसशिप त्याने पुरी केली, जागा जवळजवळ हातात आली, आणि एके दिवशी त्याने सांगितलं की आपण पुण्याला जाऊन हॉटेलात स्वयंपाकाचं काम शिकणार. साळव्यांनी जे ऐकवलं ते मी वरच्या मजल्यावरून ऐकलं. ब्लॉकच्या भिंती तशा पातळच. शेवटचं वाक्य होतं, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." मुलगाही बापाचाच. त्याने नऊ वर्षं तोंड दाखवलं नाही.

मध्ये भरडल्या गेल्या त्या मार्थाताई. कारखान्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या; ठेंगण्या, गोऱ्या, हसल्या की डोळे मिटणाऱ्या. दर रविवारी साळवे उपासनेला गेले की अविनाशचा फोन माझ्याकडे यायचा आणि मार्थाताई दोन जिने चढून वर यायच्या. डोकं दुखतं, पाय दुखतो, अशी उपासना चुकवायची कारणं त्यांना सुचत असत, आणि मी या लबाडीत आनंदाने सामील होते. पुढे त्यांचं हृदय कमकुवत झालं. दोन पावलं टाकली की धाप लागायची. जिना सुटला, मग दवाखाना सुटला, मग त्या मागच्या खोलीतल्या पलंगाच्या झाल्या. फोन मी घ्यायचे आणि निरोप खाली पोहोचवायचे. अविनाशचं एकच पालुपद होतं, "बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन, मावशी."

मी एकदा चिडून म्हटलं, "मार्थाताई, तुम्ही हट्ट धरा. साळव्यांना म्हणा, माझ्यासाठी म्हणून त्याला बोलावून घ्या."

त्या उशीवर टेकून थोडा श्वास जमवत राहिल्या. "माझ्यासाठी बोलावलं तर तो मला भेटेल आणि यांना टाळून जाईल. मला दोघं एका खोलीत बघायचेत. तेवढंच राहिलंय."

नर्स होत्या. आपल्याकडे किती दिवस आहेत याचा अंदाज त्यांना आमच्यापेक्षा चांगला होता. त्या दिवसापासून मलाही कळलं की या घरात आता एकाच गोष्टीची वाट पाहणं चालू आहे.

नवऱ्याशी वाद घालण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला चालायला लावलं. तरुणपणी दक्षिणेतल्या एका मिशन दवाखान्यात त्या शिकायला होत्या, तिथल्या आवारात दगडांनी आखलेली प्रार्थनेची एक वाट होती. त्यांनी ती माझ्यासमोर कागदावर काढली. आधी एक क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, चार टिंबं, आणि मग एकेक टोक दुसऱ्या टोकाशी कमानीने जोडत गेलं की सात फेऱ्यांची गोल आकृती तयार होते. मी शाळेत गणित शिकवते. मला ती फार आवडली. "अगदी चक्रव्यूह हो," मी म्हटलं.

"छे! चक्रव्यूहात माणूस अडकतो. इथे अडकायला जागाच नाही. एकच वाट. जी आत नेते तीच बाहेर आणते." आणि त्यांनी दोन रेघांच्या मधून आपलं बोट हळूहळू फिरवत नेलं, वळणावर थबकत, पुन्हा सरकत, थेट मध्यापर्यंत. "जाताना मनात एक ओझं घ्यायचं. मध्यावर ते प्रभूपाशी ठेवायचं. येताना मोकळं यायचं. इतकंच."

साळव्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. कुठलं ओझं, हे कुणी उच्चारलं नाही.

कॉलनीच्या कडेला, अयोध्या नगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ख्रिस्ती मंडळीचं बैठं प्रार्थनाघर होतं. पाळक, म्हणजे त्यांचे पाद्री, दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा येत. ते नको कशाला म्हणतील? दिवाळीनंतरच्या दिवसांत साळव्यांनी तिथल्या मुरमाच्या अंगणात खुंटी ठोकली, सुतळी ताणली, आणि तीन रविवार खपून बोटभर जाडीच्या चुन्याच्या रेघांनी ती आकृती अशी काही आखली की बघत राहावं. त्या तीन रविवारी मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. आधी नाही, नंतरही नाही. येणारेजाणारे सायकल थांबवून विचारत, "साळवे जी, ये भूलभुलैया किसलिए?" आणि ते म्हणत, "चलके देखो."

मग मंडळीतली पाचपंचवीस माणसं चालू लागली. सगळी कारखान्याची, सगळी साळव्यांना मानणारी. तोंडापाशी एक टिंब होतं. तिथून एक रेघ निघते, दोन मोठे वळसे घेते आणि सरळ क्रूसावर येऊन पोहोचते. साळवे त्या टिंबावर उभे राहिले, टाचेला बोट लावलं आणि रेघेवरून चालू लागले. त्यांच्या मागे बाकीचे. आयुष्यभर ज्यांना रेघ पाळायला शिकवलं, ती माणसं आणखी कुठून चालणार? क्रूसापाशी पोहोचून त्यांनी माना लववल्या. खरा मध्य त्या क्रूसाला लागूनच, एका रेघेच्या पलीकडे होता. तिथला मुरूम कोरा होता आणि कोराच राहिला.

हे मी पहिल्याच थंडीत पाहिलं. प्रार्थनाघराचं कुंपण शाळेच्या रस्त्याला लागून होतं. गार, फिकट ऊन होतं, अंगणात साळवे एकटे, हात पाठीशी बांधून, बुटांनी आपलाच चुना पुसत चालले होते. मी थांबले. मार्थाताईंचं रेघांच्या मधून सरकणारं बोट मला लख्ख आठवलं. हाक मारायला तोंड उघडलंही होतं. पण मग वाटलं, त्यांची प्रार्थना, त्यांचा देव, त्यांची रीत. नागपूरच्या ब्राह्मणाच्या बाईने कुंपणाबाहेरून चुका काढाव्यात हे बरं दिसेल का? त्यांच्यात अशीच पद्धत असेल. गठ्ठा जड होता, घरी सासूबाईंच्या चहाची वेळ झाली होती. मी पुढे निघाले.

त्यानंतर दोन वर्षं गेली. कशी गेली म्हणाल तर गेली. कारखान्यात नवी भरती थांबली, निवृत्त होणारी माणसं मिसरोदकडे, शाहपुऱ्याकडे घरं घेऊन निघून गेली, रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्यांवर बोगनवेल चढली. संध्याकाळी दिवे लागायचे ते एकाआड एक. साळवे रोज संध्याकाळी जायचे, दर शनिवारी पुसलेल्या रेघांवर नवा चुना ओढायचे, आणि जिन्यातली पावलं पुन्हा पांढरीशुभ्र व्हायची. ते आत गेले की मागच्या खोलीतून मार्थाताईंचा प्रश्न येई, मध्यावर पोहोचलात का? पोहोचलो. ठेवलंत तिथे? ठेवलं की. मी भाजी, सूप असं काहीबाही घेऊन गेलेली असे, म्हणून मला हे रोजचं तोंडपाठ झालं होतं. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं, कारण क्रूस हाच मध्य अशी त्यांची खात्री होती. आणि तरी ओझं जसंच्या तसं त्यांच्या खांद्यांवर दिसत असे. मार्थाताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत, मग डोळे मिटून घेत. दिवसेंदिवस ते डोळे उघडायला जास्त वेळ लागू लागला.

बुटांचे ते माखलेले तळवे रोज मला जिन्यात दिसत. रेघांच्या मधून चालणाऱ्याच्या बुटांना इतका चुना कसा लागेल? मला कळत होतं. कळून न कळल्यासारखं करण्याची कला शेजाऱ्यांना फार लवकर येते.

मग ईस्टरआधीचा तो उपवासकाळ आला. सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडून चिरडली जात होती, दुपारी ऊन बोचायला लागलं होतं. मार्थाताईंच्या पायांवर सूज चढली होती, बोलणं तुटक झालं होतं. त्या संध्याकाळी मी शाळेतून परतत असताना अंगणात साळवे क्रूसावर उभे दिसले. चालत नव्हते, मान लववली नव्हती, नुसते उभे. मला पाहून ते स्वतःहून बोलले, हेच नवल.

"बाई, मी दमलो. रोज येतो, रोज ठेवतो. घरी पोहोचेस्तोवर पुन्हा माझ्याच छातीवर. ती विचारते, मी सांगतो ठेवलं. तिला दिसतं. तिला सगळं दिसतं. तिच्याकडे दिवस नाहीत आणि माझ्या तोंडून त्या पोराचं नाव निघत नाही."

आणि मी, जिने दोन वर्षं जीभ आवरली होती, ती कुठलीही प्रस्तावना न करता म्हणून गेले, "साळवे, तुम्ही रेघेवरून चालताय. वाट रेघांच्या मधून आहे."

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी एक पाय उचलून बुटाचा तळवा पाहिला. मग पायाखालच्या क्रूसाकडे, मग त्याला लागून असलेल्या कोऱ्या मुरमाकडे. आयुष्यात एकही पत्रा वाया न घालवलेल्या माणसाला आपल्या हातची चूक दिसते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं. पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. ते आकृतीच्या तोंडापाशी परत गेले आणि दोन रेघांच्या मधे उभे राहिले.

या वेळी टाचेला बोट लावायचं कारण नव्हतं, तरी पावलं अडखळत होती. ती वाट माणसाचा अंत पाहते. आधी बाहेर, आणखी बाहेर नेते, मग एकाएकी मध्याला बिलगून जाते, इतकी की वाटावं आलंच. आणि तिथून पुन्हा फेरे घालत लांब नेते. त्या जागी साळवे थांबले. मला वाटलं आता रेघ ओलांडतील. त्यांनी ओलांडली नाही. खाली मान घालून ते उरलेले फेरे चालले, आणि आकाशातला तांबूस उजेड विझता विझता मध्यावर जाऊन पोहोचले. तिथे ते आधी उभे होते, मग गुडघ्यांवर आले, मग चक्क मुरमात बसले. बराच वेळ बसले. माझे पाय दुखत होते, सासूबाईंचा चहा केव्हाच चुकला होता. मी कुंपणाला धरून रडत होते आणि का रडते आहे ते मला नीट ठाऊक होतं.

आल्या वाटेनेच ते बाहेर आले. आम्ही घरी परतलो. मी त्यांच्या मागोमाग आत गेले, कारण मला राहवेना. मागच्या खोलीतून प्रश्न आला, मध्यावर पोहोचलात का?

"नाही," साळवे म्हणाले. "दोन वर्षं नाही पोहोचलो, मार्था. आज पोहोचलो."

नंतर ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या फोनवरून बोलायचं होतं. नंबर तुमच्याजवळ आहे. रविवारचं मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

वर माझ्या घरी मी नंबर फिरवून दिला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, मग अविनाशचा. साळव्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "मी बोलतोय," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द यायला इतका वेळ लागला की मला वाटलं तो फोन ठेवून देईल. "आईला बरं नाही. पण आईसाठी नको येऊस. माझ्यासाठी ये. मला तुला बघायचंय."

अविनाश तिसऱ्या दिवशी सकाळी आला. जाडा झाला होता, कपाळ मोठं झालं होतं. त्यांचं बापलेकाचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच भिंती पुरेशा जाड वाटल्या. एवढं पाहिलं की मार्थाताईंना उशांना टेकवून बसवलं होतं, पलंगाच्या एका बाजूला साळवे, दुसऱ्या बाजूला अविनाश वाटीतून पेज भरवत होता, आणि साळवे म्हणत होते, "मीठ कमी आहे रे," आणि मार्थाताई डोळे मिटून हसत होत्या. असे चार दिवस. पाचव्या पहाटे त्या गेल्या.

साळव्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. ते झाल्यावर अविनाश त्यांना पुण्याला न्यायला आला. सामान खाली गेलं तेव्हा ते वर माझ्याकडे आले, दारातच उभे राहिले.

"बाई, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून मार्थाला ते चार दिवस मिळाले. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हटलं. माणूस म्हणतो तसं म्हटलं. खरं म्हणजे त्यांना थांबवून सांगायला हवं होतं की मी हे पहिल्याच थंडीत पाहिलं होतं. की एक हाक मारायची तेवढी राहिली. की तेव्हा मार्थाताई उशीला टेकून तासभर बोलू शकत होत्या. न जाणो, तेव्हा सांगूनही त्यांचं मन हललं नसतं. असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. पटलेलं नाही. साळव्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि ते जिना उतरून गेले.

आता मी सत्तरीला आले आहे. दर नाताळला पुण्याहून साळव्यांचा फोन येतो. आवाज फार थकला आहे, ऐकूही कमी येतं, पण दर वेळी ते त्या चार दिवसांचे आभार मानतात आणि दर वेळी मी त्या दोन वर्षांबद्दल गप्प राहते. मार्थाताईंचा चेहरा हल्ली मला पूर्वीसारखा स्पष्ट आठवत नाही. काळ गेलेल्या माणसाला हळूहळू पुसट करत नेतो, आणि जगलेले दिवसही त्याच्याबरोबर मागे पडत जातात. पण जे दिवस मार्थाताईंना जगताच आले नाहीत, ते अजून जुने व्हायला तयार नाहीत.